आई-बाप दिसले, नवरा-बायको कुठे?

दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या देवगाव फाट्यावरून पुण्या-मुंबईच्या गाड्या भरभरून निघतात. सुट्टीला आलेली लेकरं परत जातात आणि सेलू-जिंतूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच उरतात. या दोघांच्या संसाराकडे आपल्या सिनेमाने कसं पाहिलं, हे एकदा नीट तपासायला हवं.

सुरुवात जुनी आहे. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ १९५४ सालचा. आयुष्य शाळेत झिजवलेला मास्तर आणि त्याची बायको उतारवयात मुलांच्या दारी येतात, ही त्याची गोष्ट. तिच्यावरच कन्नडमध्ये १९५८ साली ‘स्कूल मास्टर’ निघाला आणि पुढे ती इतर भाषांतही गेली. अमेरिकेत १९३७ सालीच ‘मेक वे फॉर टुमारो’ या चित्रपटाने मुलांनी आई-बापांची ताटातूट केल्याचं दाखवलं होतं. हिंदीत ‘बागबान’ने २००३ साली तेच दुखणं मांडलं. या साऱ्या गोष्टींत गुन्हेगार एकच, कृतघ्न औलाद.

‘नटसम्राट’ही याच वाटेने निघतो, पण जास्त खोल जातो. शिरवाडकरांचं नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. महेश मांजरेकरांनी केलेला चित्रपट २०१६ च्या पहिल्याच दिवशी झळकला. अप्पासाहेब बेलवलकर जिवंतपणीच सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि पुढे लेकीच्याच घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. मुलांचं वागणं प्रेक्षकांच्या लक्षात राहतंच. मला मात्र अप्पांचं कावेरीला ‘सरकार’ म्हणणं जास्त मोलाचं वाटतं. त्या एका हाकेत सगळा संसार आहे. कावेरी जाते तेव्हा अप्पांचं खरं घर मोडतं.

नवरा-बायकोच्या या नात्याला मध्यभागी आणलं ते महेश भट्ट यांच्या ‘सारांश’ने, १९८४ साली. हिंदी चित्रपट, पण घर शिवाजी पार्कातल्या प्रधान मास्तरांचं. परदेशात मुलगा मारला गेलाय. तिशीही न गाठलेल्या अनुपम खेर यांनी म्हातारा बाप उभा केला, तर पार्वती झाल्या रोहिणी हट्टंगडी. जगण्यात अर्थ उरला नाही असं वाटणाऱ्या प्रधानांना तो शेवटी बायकोच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यात सापडतो. याच रोहिणीताई २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’मध्ये सहा बहिणींतली एक होऊन मंगळागौर खेळताना दिसल्या. वय झालेल्या बाईलाही हौस असते, रुसवे असतात, हे पाहायला बायकांनी थिएटरं भरली.

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तर मुलांवर आरोपच करत नाही. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. लेक गाडीत बसवून गेली असताना हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागे चालू लागतात. मोहन आगाशे यांचे शास्त्री माहुताच्या बायकोला आई समजतात आणि तीही त्यांना तसंच सांभाळते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सांभाळणाऱ्या लेकीची दमछाक इतक्या समजुतीने मराठीत क्वचितच दिसते.

तरीही मराठवाड्यातलं जोडपं या पडद्यावर जवळजवळ नाहीच. पोरं ऊसतोडीला किंवा पुण्याच्या कंपनीत, नातवंडं आजीपाशी, सातबारा आजोबांच्या नावावर आणि दवाखाना तालुक्याला. हे जगणं सिनेमाने अजून हाताळायचं आहे.

‘नटसम्राट’ नाटक आलं तेव्हा नव्हता असा एक आधार आज आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र दिलं असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते रद्दही करून घेता येतं. म्हणून वाटणी करणाऱ्या प्रत्येक आई-बापाने ही अट कागदावर लिहून घ्यावी. आणि मुलांनो, आई-बाबांना सोयीसाठी दोन घरांत वाटू नका. तुमच्या आधीपासून ते एकमेकांचे आहेत.