सोंग आणि अभिनय

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत वरच्या वर्गांतील मुलांनीं केलेलें प्रहसन पुष्कळ पालकांच्या स्मरणांत असेल. त्यांत एका लंगड्या भिकाऱ्याचें काम होतें. तें करणारा मुलगा हुशार होता. रंगभूमीवर त्याचें पाऊल पडतांच सभागृह हास्यानें दणाणून जाई. तालमीच्या वेळीं "पाय अजून थोडा ओढ, लोक हंसले पाहिजेत," असें त्याला वारंवार सांगणारा मीच होतों. नाटक संपलें, टाळ्या झाल्या, बक्षीसही मिळालें. दोन दिवसांनीं वाचनालयांत पुस्तक परत करावयास आलेला एक विद्यार्थी माझ्या मेजाजवळ घुटमळला. लहानपणच्या आजारानें त्याचा एक पाय अधू झालेला आहे. तो म्हणाला, "सर, नाटक चांगलें झालें. पण आम्ही तसे चालत नाहीं. आम्ही नीट चालण्याचा प्रयत्न करीत असतों."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. पुष्कळ वर्षें मी मुलांचीं नाटकें बसवीत आलों आहें. पण इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. पुढें सुटींत "माय लेफ्ट फूट" हा १९८९ सालचा बोलपट पुन्हां पाहण्याचा योग आला, आणि त्या मुलाचें म्हणणें किती खोल होतें तें मला उमगलें. त्या बोलपटांतील नट डॅनियल डे-लुईस यांच्याविषयीं, आणि ज्या पद्धतीशीं त्यांचें नांव जोडलें जातें त्या पद्धतीविषयीं, विद्यार्थ्यांना थोडें सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींनीं होतो तो आंगिक, वाणीनें होतो तो वाचिक, वेषभूषेनें होतो तो आहार्य, आणि अश्रु, रोमांच, कंप, स्वरभंग अशा विकारांनीं प्रकट होतो तो सात्त्विक. पहिले तीन प्रकार मेहनतीनें शिकवितां येतात. चौथ्याचें तसें नाहीं. मन त्या ठिकाणीं एकाग्र झाल्यावांचून डोळ्यांत खरें पाणी येत नाहीं. "सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं," अशी आपली म्हण आहे. तींत खऱ्या भावनेचीही भर घालावयास हरकत नाहीं. मग ठरलेल्या घटकेला, शेंकडों डोळ्यांसमोर, रोज रोज ती भावना नटानें आणावी तरी कोठून?

ह्याच प्रश्नानें कॉन्स्तांतिन स्तानिस्लाव्हस्की (१८६३-१९३८) ह्या रशियन नटाला जन्मभर पछाडलें होतें. त्यांनीं १८९८ सालीं नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासह मॉस्को आर्ट थिएटर ही नाट्यसंस्था स्थापन केली. हातवारे आणि ठराविक हेल यांवर चालणारा अभिनय त्यांना खोटा वाटे. नटानें भावनेच्या मागें धांवूं नये, "मी जर ह्या माणसाच्या जागीं, ह्याच परिस्थितींत असतों, तर काय केलें असतें?" असा प्रश्न स्वतःस विचारावा, असें ते शिकवीत. ह्या "जर"वर त्यांच्या विचाराचा मोठा भाग उभा आहे.

त्यांच्या पुस्तकांतील एक धडा मी वर्गांत नेहमी सांगतों. एका विद्यार्थिनीला पडद्यांत खोंचलेली एक पिन शोधावयास सांगितलेली असते; ती न सांपडल्यास तिचें शिक्षण थांबणार, अशी कल्पित गोष्ट असते. ती रंगभूमीवर येते, डोकें धरते, इकडून तिकडे धांवते, मोठा आकांत करते, आणि आपलें काम फार रंगलें असें समजून खालीं येते. शिक्षक विचारतात, "पिन कोठें आहे?" ती पिन शोधावयासच विसरलेली असते! मग तिला बजावलें जातें कीं पिन सांपडली नाहीं, तर खरोखरच शाळा सोडावी लागेल. आतां ती हळू हळू पडद्याची एक एक घडी तपासूं लागते. ना आक्रोश, ना हातवारे. पण पाहणारांचा श्वास ह्या वेळीं अडकतो. पहिल्या खेपेस तिनें दुःखाचें सोंग केलें. दुसऱ्या खेपेस तिनें शोध केला. आमच्या वाचनालयांतील मुलानें मला हेंच सांगितलें होतें. लंगडा मनुष्य लंगडण्यासाठीं चालत नसतो. तो कोठें तरी पोहोंचण्यासाठीं चालत असतो.

स्तानिस्लाव्हस्कींची नाटकमंडळी १९२३-२४ मध्यें अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि हें बीज तेथें रुजलें. १९३१ सालीं न्यूयॉर्कमध्यें ग्रूप थिएटर निघालें. त्याच्या संस्थापकांपैकीं ली स्ट्रासबर्ग यांनीं नटाच्या स्वतःच्या आयुष्यांतील आठवणी जागृत करण्यावर भर दिला. त्याच मंडळींतील स्टेला अ‍ॅड्लर यांनीं १९३४ मध्यें पॅरिस येथें स्तानिस्लाव्हस्कींची समक्ष गांठ घेतली, आणि आठवणींपेक्षां कल्पनाशक्ति व दिलेली परिस्थिति हींच महत्त्वाचीं, असें मत घेऊन त्या परतल्या. दोघांत मोठा मतभेद झाला. पुढें १९४७ सालीं अ‍ॅक्टर्स स्टुडिओ ही संस्था स्थापन झाली, व स्ट्रासबर्ग यांच्या शिकवणीस "मेथड" म्हणजे नुसती "पद्धति" असें नांव पडलें. अ‍ॅड्लरबाईंचे शिष्य मार्लन ब्रँडो यांना १९५० सालच्या "द मेन" ह्या आपल्या पहिल्याच बोलपटांत कमरेखालीं लुळ्या झालेल्या सैनिकाचें काम करावयाचें होतें. त्यासाठीं ते सुमारें एक महिना तशाच जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत, त्यांच्यापैकींच एक होऊन राहिले. रॉबर्ट डी नीरो यांनीं "रेजिंग बुल" (१९८०) मधील उतारवयांतील मुष्टियोद्ध्यासाठीं आपलें वजन सुमारें साठ पौंडांनीं वाढविलें, हेंही प्रसिद्ध आहे.

डे-लुईस यांचा जन्म १९५७ सालीं लंडन येथें झाला. वडील सेसिल डे-लुईस हे इंग्लंडचे राजकवि, आणि आई जिल बाल्कन ही नटी. त्यांचें शिक्षण ब्रिस्टल येथील ओल्ड व्हिक नाट्यशाळेंत झालें. न्यूयॉर्कच्या संस्थेचे ते विद्यार्थी नव्हेत. तरीही भूमिकेंत बुडून जाण्याची गोष्ट निघाली कीं आज लोकांच्या तोंडीं प्रथम त्यांचेंच नांव येतें.

"माय लेफ्ट फूट" हा बोलपट क्रिस्टी ब्राउन ह्या आयरिश लेखकाच्या आत्मचरित्रावर आधारलेला आहे. ब्राउन यांचा जन्म १९३२ सालीं डब्लिन शहरांत एका गरीब गवंड्याच्या घरीं झाला. मेंदूच्या विकारामुळें त्यांचे हातपाय व वाणी त्यांच्या ताब्यांत नव्हती. ह्या मुलाला बुद्धि नाहीं, असें डॉक्टरांचें मत पडलें. आईनें तें मानलें नाहीं. सुमारें पांच वर्षांचे असतांना त्यांनीं बहिणीच्या हातांतील खडू डाव्या पायाच्या बोटांत धरला. तोच पाय पुढें त्यांची लेखणी झाला आणि कुंचलाही. त्यांचें आत्मचरित्र १९५४ सालीं प्रसिद्ध झालें.

ही भूमिका स्वीकारल्यावर डे-लुईस यांनीं डब्लिनमध्यें अशाच विकाराच्या मुलांच्या सहवासांत पुष्कळ वेळ घालविला, आणि पायानें लिहिण्याचा व चित्रें काढण्याचा अभ्यास केला. चित्रीकरण चालूं असतां ते चाकांच्या खुर्चींतून उठत नसत. जेवण दुसऱ्यानें चमच्यानें भरवावें, आणि जमिनीवर पसरलेल्या विजेच्या तारांवरून त्यांची खुर्ची कामगारांनीं उचलून न्यावी, असा क्रम होता. डाव्या पायानें जीं बारीक कामें त्यांना साधेनात, तीं उजव्या पायानें करून त्यांचें चित्र आरशांतून घेतलें, असें सांगतात. म्हणजे साधनेलाही कधीं कधीं युक्तीची जोड लागतेच.

आरंभींच पडद्यावर फक्त एक पाय दिसतो. तो पाय एक ध्वनिमुद्रिका काढतो, यंत्रावर ठेवतो, आणि सुई तिच्यावर टेकवितो. पाहणारा "अरेरे" म्हणत नाहीं. सुई नीट बसते कीं नाहीं, इकडेच त्याचें सारें लक्ष लागलेलें असतें. पुढें क्रिस्टी बोलूं लागतो तेव्हां त्याचा जबडा वांकडा होतो, मान फिरते, शब्द अडखळतात. परंतु नट हे विकार दाखवीत नाहीं, त्या विकारांतून वाट काढून जें बोलावयाचें तें तो बोलतो. दया मागण्याचा तर लवलेशही नाहीं. हा क्रिस्टी रागीट आहे, हट्टी आहे, विनोदी आहे, प्रेमांत पडून दुखावला जाणारा आहे. पाऊण तासानंतर आपण त्याचें अपंगत्व विसरतों आणि मनुष्य पाहूं लागतों. ह्या भूमिकेबद्दल १९९० सालीं त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. आईचें काम करणाऱ्या ब्रेंडा फ्रिकर यांनाही त्याच समारंभांत मिळालें.

पुढेंही त्यांची रीत हीच राहिली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते चित्रपटांपासून दूर गेले आणि इटलीतील फ्लॉरेन्स शहरांत एका नामांकित कारागिराजवळ जोडे शिवण्याची उमेदवारी करीत राहिले. "लिंकन" (२०१२) ह्या बोलपटासाठीं त्यांनीं सुमारें वर्षभर नुसतें वाचन केलें. लिंकन यांचा आवाज मेघासारखा गंभीर असावा, अशी सर्वसाधारण समजूत. पण तो उंच पट्टीचा होता असें त्यांच्या समकालीनांनीं लिहून ठेवलें आहे. डे-लुईस यांनीं तोच आवाज घेतला. सहकलाकार सॅली फील्ड यांना ते लिंकनच्या धाटणीचे संदेशही पाठवीत. "देअर विल बी ब्लड" (२००७) आणि "लिंकन" ह्या दोहोंबद्दल पुन्हां ऑस्कर मिळून, उत्कृष्ट नटाचें हें पारितोषिक तीन वेळां मिळविणारे ते पहिले पुरुष ठरले. २०१७ सालीं त्यांनीं निवृत्ति जाहीर केली, आणि २०२५ मध्यें मुलगा रोनन यानें दिग्दर्शित केलेल्या "अ‍ॅनिमोनी" ह्या बोलपटांतून ते परत आले.

स्तुति करतांना दुसरी बाजू लपविणें शिक्षकास शोभत नाहीं. ह्या मार्गाची किंमत मोठी आहे. १९८९ सालीं लंडनच्या नॅशनल थिएटरमध्यें हॅम्लेटची भूमिका करीत असतां प्रयोगाच्या मध्येंच ते रंगभूमी सोडून गेले, आणि त्यानंतर नाटकांत त्यांनीं काम केलें नाहीं. "गँग्ज ऑफ न्यूयॉर्क" (२००२) च्या वेळीं, कथेच्या काळांत नव्हता म्हणून उबदार कोट घालण्याचें नाकारून त्यांनीं न्यूमोनिया ओढवून घेतला, असें सांगतात. नट खुर्चींत बसून राहतो तेव्हां ती उचलणाऱ्या कामगारांचे श्रमही आपण मोजले पाहिजेत. शिवाय, अपंग माणसाची भूमिका अपंग नटालाच कां मिळूं नये, हा आज विचारला जाणारा प्रश्न अगदीं रास्त आहे. मार्गही हा एकच नव्हे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारखे थोर नट बाहेरून आंत जात. एखादें नाक, एखादी चाल सांपडली कीं त्यांना माणूस सांपडे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, ह्या नटाच्या उपाशी राहण्याच्या किंवा थंडींत कुडकुडण्याच्या गोष्टी ऐकून त्यांचेंच अनुकरण करूं नका. त्या कथा वर्तमानपत्रांना रुचतात. पण खरें काम त्यांच्या आधींचें आहे, आणि तें फार शांत आहे. दुसऱ्या माणसाजवळ पुष्कळ वेळ बसणें, त्याला न हंसतां व त्याची कींव न करतां पाहणें, आणि "ह्याला काय हवें आहे? ह्याचा प्रयत्न काय चालला आहे?" असें स्वतःस विचारणें, हेंच तें काम. पायाचें लंगडणें आरशासमोर एका दुपारीं शिकतां येतें. त्या पायानें जिना चढणाऱ्याच्या मनांत काय असतें, तें मात्र त्यालाच विचारावें लागतें, आणि विचारण्याइतकें त्याच्याशीं आधीं सख्य असावें लागतें.

मीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली, आणि येत्या संमेलनाच्या तालमींस येशील कां, असें विचारलें. दोन दिवस विचार करून तो आला. ह्या खेपेच्या नाटकांत एक वृद्ध आजोबा आहेत. पहिल्या तालमींत आजोबांचें काम करणाऱ्या मुलानें कमरेंत वांकून, थरथरत प्रवेश केला, आणि मुलें हंसूं लागलीं. माझ्याशेजारीं बसलेला तो हळूच म्हणाला, "सर, आजोबांना कोठें जावयाचें आहे, तें त्याला माहीत आहे कां?" मीं तालीम थांबविली आणि तोच प्रश्न आजोबांना विचारला. उत्तर येईना, तेव्हां आम्ही सर्व जण खालीं बसलों आणि नाटक पुन्हां पहिल्या पानापासून वाचावयास घेतलें. पालकांनीं संमेलनास अवश्य यावें. ह्या खेपेस हंसें कदाचित् थोडें कमी होईल.