आउटबोर्ड मोटरीची जमिनीवरील चाचणी

होडीच्या मागील फळीवर बाहेरून अडकविले जाणारे इंजिन, म्हणजेच आउटबोर्ड मोटर, ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ साली विक्रीस आणली, तेव्हा तिची शक्ती अवघी १.५ अश्वशक्ती होती. आज १०० अश्वशक्तीहून मोठी यंत्रे सर्रास वापरली जातात. तथापि एक गोष्ट बहुतांशी पूर्वीसारखीच आहे. ज्या पाण्यात हे यंत्र चालावयाचे, त्याच पाण्यावर त्याचे शीतलन आणि त्याचा भार ही दोन्ही अवलंबून असतात. दुरुस्तीनंतर ते जमिनीवर चालवून पाहणे हा म्हणूनच दिसतो तितका सरळ प्रयोग नव्हे.

प्रथम शीतलनाचा विचार करू. हवेने थंड होणारी काही लहान यंत्रे सोडल्यास, यंत्राच्या खालच्या भागातील छिद्रांवाटे बाहेरचे पाणी आत घेतले जाते आणि उभ्या दंडावर बसविलेला पंप ते वर इंजिनाकडे पाठवितो. या पंपात रबरी पात्यांचे एक चक्र असून त्याचे कवच उत्केंद्री असते. त्यामुळे चक्र फिरताना पाती एका बाजूस वाकतात, दुसऱ्या बाजूस पसरतात, आणि त्यांमधील पोकळी लहानमोठी होऊन पाणी ओढले व ढकलले जाते. वेग वाढला म्हणजे पाती भिंतीपासून काहीशी सुटतात व पंप केंद्रोत्सारी तत्त्वाने काम करू लागतो. रबर व कवच यांमधील वंगण म्हणजे हे पाणीच होय. ते नसेल तर काही सेकंदांतच पात्यांच्या कडा तापून झिजू लागतात. तुटलेले तुकडे वर जाऊन जलमार्गात अडकतात. गिअर तटस्थ ठेवल्यानेही बचाव होत नाही, कारण उभा दंड तेव्हाही फिरतच असतो. विशेष म्हणजे, हे घडत असताना इंजिनाचा आवाज मात्र अगदी निरोगी असतो.

यावर रूढ उपाय असा की, नळीला जोडलेल्या दोन रबरी वाट्या त्या छिद्रांवर बसवून पाणी सोडावे. प्रोपेलर काढून ठेवावा आणि इंजिन मंद गतीने चालवावे. इंजिन सुरू होते की नाही, प्रज्वलन व इंधनपुरवठा ठीक आहे की नाही, हे यातून समजते. पंपाविषयीचा निष्कर्ष मात्र फसवा ठरू शकतो. नळाच्या दाबानेच पाणी वर चढले, तर पाती झिजलेली असतानाही दर्शक छिद्रातून धार पडते. अशा धारेवर विसंबून समुद्रात नेलेले यंत्र किनाऱ्यापासून दूर तापून बंद पडण्याचा धोका असतो. पंपाची खरी परीक्षा टाकीतच होते, कारण तेथे पाणी वर चढविण्याचे काम पंपालाच करावे लागते.

भाराचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. प्रोपेलरला लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि माध्यमाच्या घनतेवरही अवलंबून असते. पाणी हवेहून सुमारे ८०० पट घन आहे. साहजिकच जमिनीवर इंजिनास भार असा जवळजवळ नसतोच. थ्रॉटल उघडताच ते धोकादायक वेग गाठू शकते. उलट, टाकीत होडी पुढे सरकत नसल्याने नेहमीचा प्रोपेलर गरजेपेक्षा जड पडतो, पृष्ठभागावरील हवा ओढून घेतो आणि पाणी बाहेर फेकतो. याकरिता कमी व्यासाचे चाचणीचक्र वापरतात. शक्ती मोजावयाची असल्यास जलब्रेक अधिक योग्य. विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली मांडलेल्या योजनेचेच ते रूप होय.

टाकीच्या आकारमानाकडेही दुर्लक्ष होते. १० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७.५ किलोवॅट. ही शक्ती २०० लिटर पाणी घुसळण्यात खर्च झाली, तर १० मिनिटांत पाण्याचे तापमान ५ अंश सेल्सियसहून अधिक वाढते. हा ज्यूल यांचा १८४५ मधील प्रयोगच, केवळ मोठ्या प्रमाणावर! इंजिनातून परतणाऱ्या पाण्याची उष्णता यात धरलेलीच नाही. सबब दीर्घ चाचणीत ताजे पाणी सतत आत येत राहिले पाहिजे.

धूर पाण्याखाली सोडला जात असल्याने आवाज दबतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र पाण्यात फारच अल्प प्रमाणात विरघळतो व बुडबुड्यांवाटे खोलीत पसरतो. त्यामुळे टाकी उघड्यावर ठेवणे, अथवा धूर बाहेर खेचणारी सक्षम व्यवस्था असणे, अनिवार्य होय.