जुनी नाममुद्रा, नवा कारखाना : हातहत्यारांच्या गुणवत्तेचा प्रश्न

गोषवारा

प्रतिष्ठित कंपनीने हातहत्यारांचे उत्पादन मूळ देशाबाहेर नेले की मालाची गुणवत्ता घसरते, असा सर्वसाधारण समज आहे. डिस्टन, स्टॅनली आणि क्राफ्ट्समन या तीन अमेरिकी नाममुद्रांच्या आधारे प्रस्तुत लेखात हा समज तपासला आहे. घसरण अनेकदा स्थलांतरापूर्वीच सुरू झालेली असते आणि गुणवत्ता टिकणे हे देशापेक्षा विनिर्देश, तपासणी व कारागिरांचे ज्ञान या तीन घटकांवर अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : हातहत्यारे, नाममुद्रा, उत्पादनाचे स्थलांतर, गुणवत्ता, मूळ देशाची खूण

प्रस्तावना

सुताराचा रंधा, पटाशी व करवत किंवा फिटरचा पाना ही एकदा विकत घ्यावयाची आणि शक्य तर पुढच्या पिढीकडे सोपवावयाची साधने होत. त्यांची खरी गुणवत्ता मात्र दुकानात डोळ्यांना दिसत नाही. पोलादाला दिलेले पाणी योग्य आहे की नाही, हे पाते लाकडावर चालवल्यावरच कळते. विक्रेत्याला मालाविषयी जे माहीत असते ते ग्राहकाला माहीत नसते, तेव्हा वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले. या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे नाममुद्रा. ग्राहक हत्याराबरोबरच त्यावर कोरलेल्या नावाने दिलेल्या आश्वासनाचीही किंमत मोजत असतो. ज्या कार्यशाळेने ते आश्वासन कमावले ती बंद होऊन केवळ नाव उरले, तर आश्वासनाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

1. गुणवत्ता कोठे दडलेली असते?

उदाहरणादाखल लोखंडी रंधा घेऊ. त्याचे अंग बहुधा बिडाचे ओतीव असते. ओतकाम थंड होताना त्यात अंतर्गत ताण राहतात. ते ताण मुरू देऊन किंवा उष्णता देऊन घालवावे लागतात आणि त्यानंतरच तळ घासून सपाट करावयाचा असतो. ही घाई केल्यास कारखान्यात सपाट असलेला तळ काही महिन्यांनी वाकतो. पात्याची गोष्टही अशीच आहे. पोलाद तापवून विझवले की ते कडक, पण ठिसूळ होते. पुन्हा मर्यादित उष्णता देऊन त्याला चिवटपणा आणावा लागतो. हे प्रमाण चुकले तर धार एक तर तुटते किंवा लवकर बोथट होते. पान्याच्या बाबतीत पोलादातील क्रोमियम व व्हॅनेडियमचे प्रमाण, घडाईची पद्धत आणि जबड्याच्या मापातील सूक्ष्म फरक निर्णायक ठरतात.

या सर्व क्रियांमध्ये एक साम्य आहे. त्या वेळखाऊ आहेत आणि त्यांत केलेली काटकसर रंग, चकाकी व वेष्टन यांखाली सहज झाकली जाते. खर्च कमी करावयाचा झाल्यास व्यवस्थापनाची नजर प्रथम याच ठिकाणी वळते, मग कारखाना कोणत्याही देशात असो.

2. डिस्टन आणि स्टॅनली : स्थलांतरापूर्वीची घसरण

हेन्री डिस्टन यांनी 1840 साली फिलाडेल्फिया येथे करवती बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे या कारखान्याने स्वतःचे पोलादही तयार केले. सफरचंदाच्या लाकडातून हाताच्या पकडीप्रमाणे कोरलेल्या मुठी ही त्याच्या करवतींची ओळख होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या मुठींचे कोरीवकाम साधे होत गेले आणि त्या पूर्वीइतक्या हातात बसेनाशा झाल्या. 1955 साली डिस्टन कुटुंबाच्या हातून कंपनी एच. के. पोर्टर या कंपनीकडे गेली. म्हणजे जुन्या करवतींचे संग्राहक ज्या घसरणीविषयी हळहळतात, तिची सुरुवात फिलाडेल्फियातच झाली होती.

स्टॅनलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन हे या कंपनीचे मूळ गाव. लेनर्ड बेली यांचा रंध्यांचा व्यवसाय व एकस्वे 1869 साली तिच्याकडे आली आणि बेली पद्धतीचा रंधा जगभर प्रमाणभूत ठरला. दोन महायुद्धांमधील काळात बनलेल्या रंध्यांना आजही मोठी मागणी आहे. त्यानंतर मात्र मुठीचे रोझवूड जाऊन रंगवलेले साधे लाकूड आले, कालांतराने प्लास्टिक आले. पाते ज्यावर टेकते त्या भागाची घासाईही कमी झाली. हे बदल अमेरिका व इंग्लंडमधील कारखान्यांतच घडले.

यामागील कारण ग्राहक बदलण्यात आहे. ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1946 मध्ये घरगुती वापराचे विद्युत ड्रिल बाजारात आणले. यंत्रांवर तयार झालेली दारे-खिडक्याही सर्वत्र मिळू लागल्या. दिवसभर रंधा चालवणारा व्यावसायिक सुतार कमी झाला आणि वर्षातून दोनदा दार घासणारा हौशी गृहस्थ हा मुख्य ग्राहक बनला. त्याला तळाच्या सपाटपणापेक्षा किंमत महत्त्वाची वाटे. जाणकार ग्राहकाचा दबाव नाहीसा झाला की गुणवत्तेचा राखणदारच नाहीसा होतो. स्थलांतर ही अशा प्रक्रियेची अनेकदा शेवटची पायरी असते.

याच कंपनीने 2009 मध्ये ‘स्वीटहार्ट’ हे जुने चिन्ह पुन्हा वापरून उंची मालिका आणली. तिच्यातील रंधे मेक्सिकोत, तर पटाश्या इंग्लंडमधील शेफील्ड येथे बनवलेल्या होत्या. मेक्सिकोतील रंध्यांना ए-2 जातीच्या पोलादाचे जाड पाते होते. त्या आधीच्या काही दशकांतील स्वस्त रंध्यांच्या पातळ पात्यांच्या तुलनेत ही स्पष्ट सुधारणा होती. म्हणजे देश बदलूनही विनिर्देश वरचे ठेवता येतात.

3. क्राफ्ट्समन : हमीची मर्यादा

सीअर्स या किरकोळ विक्री कंपनीने क्राफ्ट्समन ही नाममुद्रा 1927 साली सुरू केली. ही हत्यारे सीअर्स स्वतः बनवत नसे. ती निरनिराळ्या उत्पादकांकडून बनवून घेतली जात. नाममुद्रेचा लौकिक आजीवन हमीवर उभा होता : हत्यार मोडले तर दुकानात द्यावे आणि नवे घ्यावे. 2010 नंतरच्या दशकात यांपैकी बरीचशी हत्यारे चीन व तैवानमधून येऊ लागली. हमीचे शब्द तेच राहिले, परंतु जुने अमेरिकी रॅचेट मोडल्यास त्याच्या बदल्यात हाती येणारे रॅचेट वेगळ्या कारखान्यातील होते. हमीमुळे ग्राहकाचे आर्थिक नुकसान टळते; पण ऐन कामात पाना घसरून कामगाराच्या बोटांना होणारी इजा तिने भरून निघत नाही. म्हणूनच हमी आणि गुणवत्ता या भिन्न गोष्टी आहेत.

2017 मध्ये ही नाममुद्रा स्टॅनली ब्लॅक अँड डेकर कंपनीने विकत घेतली आणि 2019 मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे नवा कारखाना उभारण्याची घोषणा केली. स्वयंचलित यंत्रांच्या साहाय्याने उत्पादन पुन्हा अमेरिकेत आणण्याची ही योजना होती. परंतु मार्च 2023 मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. यंत्रसामग्री अपेक्षेप्रमाणे चालली नाही, अशा आशयाची वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली. इमारत व यंत्रे भांडवलाने उभी करता येतात. भट्टीपुढे व साच्यापुढे उभे राहून मिळवलेले कसब तितक्या वेगाने परत आणता येत नाही. ते कसब जपणाऱ्या माणसांची साखळी एकदा तुटली की नाममुद्रेचा मालकही ती सहज जोडू शकत नाही.

4. ज्ञान बरोबर गेले तर

याच्या उलट बाजूची उदाहरणेही विचारात घ्यावी लागतात. अमेरिकेतील वुडक्राफ्ट ही विक्री कंपनी ‘वुडरिव्हर’ या नावाने विकत असलेले रंधे चीनमध्ये बनतात. त्यांची रचना स्टॅनलीच्याच जुन्या ‘बेडरॉक’ रंध्यावर आधारलेली आहे. पहिल्या आवृत्तीनंतर जाणकार कारागिरांच्या सूचनांनुसार त्यांत सुधारणा होत गेल्या. आज चोखंदळ सुतारही ते वापरताना दिसतात. येथे नाव नवे आहे, परंतु विनिर्देश कसून लिहिलेले आहेत आणि मालाची पारख करणारा ग्राहक समोर आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण नाशिकचे आहे. टपारिया टूल्स या कंपनीने 1969 मध्ये स्वीडनमधील कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले. तिच्या पकडी व पेचकस आज देशभरातील वायरमनच्या पिशवीत आढळतात. येथे परदेशी नाव आणण्यापेक्षा तंत्र आणण्यावर भर होता आणि त्या तंत्रावर स्वतःचे नाव उभे राहिले. जालंधर, लुधियाना व नागौर येथील कारखानेही परदेशी खरेदीदारांसाठी, पुष्कळदा त्यांच्याच नाममुद्रेखाली, हत्यारे बनवतात. खरेदीदाराने जितकी किंमत व जितकी काटेकोर तपासणी ठरवली असेल, साधारणतः त्याच दर्जाचा माल तयार होतो. हलक्या मालाचा दोष मात्र बनवणाऱ्या देशाच्या माथी मारला जातो. हलका विनिर्देश लिहिणारा खरेदीदार नामानिराळा राहतो.

5. गावाचे नाव आणि कंपनीचे नाव

ब्रिटनने 1887 मध्ये व्यापारी खुणांविषयीचा कायदा केला. जर्मनीतील हलकी सुरी-कात्री शेफील्डचा माल म्हणून खपवली जाते, ही तेथील उत्पादकांची तक्रार त्यामागे होती. ‘मेड इन जर्मनी’ ही खूण ग्राहकाला सावध करण्यासाठी होती. जर्मन उत्पादकांनी माल सुधारला आणि काही दशकांत तीच खूण प्रतिष्ठेची ठरली. देशाचे नाव हा गुणवत्तेचा कायमचा पुरावा नव्हे, तसाच तो कायमचा कलंकही नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

जर्मनीतील झोलिंगेन या गावाच्या नावाला 1938 पासून कायद्याचे संरक्षण आहे. ते नाव लावण्यासाठी सुरी-कात्रीच्या निर्मितीचे महत्त्वाचे टप्पे त्याच परिसरात पार पडावे लागतात. कंपनीच्या नाममुद्रेवर असे बंधन नसते. ती मालमत्ता आहे. तिची खरेदी-विक्री होते आणि ती कोणत्याही कारखान्यातील मालावर उमटवता येते. गावाचे नाव कारागिरांच्या समूहाशी बांधलेले असते, कंपनीचे नाव भागधारकांशी. शतकभराचा विश्वास दुसऱ्या प्रकारच्या नावात साठलेला असेल, तर तो अल्पकाळात खर्चून नफा मिळवण्याचा मोह मालकाला होऊ शकतो.

निष्कर्ष

उत्पादन परदेशी गेल्याने गुणवत्ता अपरिहार्यपणे घसरते, असे म्हणता येत नाही. ज्या हेतूने उत्पादन हलवले जाते तो हेतू अधिक निर्णायक असतो. केवळ खर्चकपात हा हेतू असेल, तर ती कपात पोलाद, घासाई व तपासणी यांतही होते आणि नाममुद्रा पोकळ होते. विनिर्देश, तपासणी आणि कारागिरांचे प्रशिक्षण बरोबर गेले, तर नव्या ठिकाणीही उत्तम हत्यार घडते. मात्र त्यामुळे मूळ गावाची हानी भरून निघत नाही. न्यू ब्रिटन किंवा शेफील्डसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले कसब तेथून उठते, तेव्हा त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने पाहता नावावरून किंवा देशावरून निर्णय न घेता तळावर सरळपट्टी ठेवून पाहणे आणि पात्याची धार लाकडावर आजमावणे, हीच जुनी पद्धत आजही अधिक विश्वासार्ह आहे. महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळांसाठी खरेदी करताना नाममुद्रेऐवजी कठीणपणा, माप व धातू यांचे निकष निविदेत नमूद करणे, हा त्याच पद्धतीचा संस्थात्मक अवलंब ठरेल.