यात्रेचे वाहन किती मोठे असावे?

धाराशिव जिल्ह्यातील श्रावकांना तीर्थवंदनेसाठी फार दूर जावे लागत नाही. देशभूषण व कुलभूषण या मुनिद्वयाची निर्वाणभूमी कुंथलगिरी येथेच आहे. छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनंतर 18 सप्टेंबर 1955 रोजी आचार्य श्री शांतिसागर महाराजांची समाधी याच क्षेत्रावर झाली. धाराशिवच्या लेण्यांत पार्श्वनाथांच्या मूर्ती आहेत आणि तेरला महावीर भगवंतांचे मंदिर आहे. सोबत शिधा, भांडी आणि पाणी गाळण्याचे छन्ने घेऊन निघण्याची रीतही आपल्याला नवी नाही. मुनिसंघ पायी विहार करतो, तेव्हा श्रावकांच्या चौक्याचे साहित्य वाहनातून पुढच्या मुक्कामी पोहोचलेले असते.

त्यामुळे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले वाहन, म्हणजे कॅरॅव्हॅन, आपल्या कुटुंबांना आकर्षक वाटावे यात नवल नाही. शुद्ध आहार, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळांचा त्याग हे नियम प्रवासात सांभाळणे त्यामुळे सुलभ होते. सुरुवात बहुधा ओम्नीसारख्या लहान गाडीत फळीचा पलंग आणि शेगडी बसवून होते. पुढे मुले मोठी होतात, आजी-आजोबाही बरोबर यावेत असे वाटते, आणि टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या मोठ्या गाडीचा विचार घरात सुरू होतो.

या विचारामागे खरी गरज असू शकते. लहान गाडीत सरळ उभे राहता येत नाही. पूजेचे शुद्ध वस्त्र नेसायला आडोसा नसतो. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला वाकून आत शिरावे लागते आणि रात्री शौचासाठी अंधारात बाहेर जावे लागते. केवळ या अडचणींमुळे घरातील वडीलधाऱ्यांची श्रवणबेळगोळची यात्रा राहून जात असेल, तर गाडी मोठी घेणे उचितच आहे. मात्र प्रत्येक सोय गाडीच्या आकाराबरोबर वाढत नाही.

पाण्याचेच पाहावे. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन. परंतु गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे 48 मिनिटांची. उकळलेले पाणी चोवीस तास चालते. सकाळी भरलेल्या टाकीतील पाणी दुपारी पुन्हा गाळल्याखेरीज पिता येत नाही. शिवाय छन्न्यातील जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल तिथेच परत सोडायची, आणि गाडी तर शंभर कोस पुढे आलेली! म्हणून टाकीचे पाणी हातपाय व भांडी धुण्यापुरते ठेवावे. पिण्याचे पाणी मुक्कामाच्या ठिकाणी भरून, तिथेच गाळून, जिवाणी तिथेच सोडून घ्यावे. त्यासाठी मोठी टाकी लागत नाही. झाकणाचे दोन स्वच्छ डबे पुरतात.

विजेचा हिशोबही असाच आहे. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण सव्वा युनिट वीज साठते. तिच्यावर दिवे आणि पंखा रात्रभर चालतात, पण दीड किलोवॅटचा वातानुकूल एक तासही चालत नाही. आपला स्वयंपाक आणि भोजन दिवसाउजेडीच उरकत असल्याने स्वयंपाकघरासाठी रात्रीची वीज लागतच नाही. गॅसची शेगडी मात्र चालत्या गाडीत कधीही पेटवू नये. गाडी थांबवून, दार-खिडक्या उघडूनच स्वयंपाक करावा.

रस्त्याचा विचार तर आधी करावा. ओम्नीची लांबी साडेतीन मीटरांच्या आत आहे, तर मोठ्या ट्रॅव्हलरची सात मीटरांच्या आसपास जाते. क्षेत्राकडे जाणारा रस्ता पुष्कळदा गावातून जातो. वेशीची कमान, खाली आलेल्या विजेच्या तारा, रेल्वेखालचा बोगदा, आठवडी बाजारची गर्दी यांतून ती गाडी न्यायची आहे आणि प्रसंगी मागेही घ्यायची आहे. छपरावर सामान किंवा वातानुकूल बसवला की उंची आणखी वाढते.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. कॅरॅव्हॅनसाठी ‘एआयएस-124’ हे स्वतंत्र मानक आहे. हलक्या वाहनाचा परवाना एकूण 7,500 किलो वजनापर्यंतच्याच वाहनाला चालतो. त्यामुळे गाडी बांधायला देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

याहून महत्त्वाचे मोजमाप आपल्या शास्त्रात आहे. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत वास्तू आहे, यान आहे, शयनासन आहे, भांडही आहे. कॅरॅव्हॅनमध्ये हे चारही एकत्र येतात! श्रावकाला परिग्रहाचा संपूर्ण त्याग सांगितलेला नाही. परिमाण सांगितले आहे, म्हणजे मर्यादा आधी ठरवायची आणि मग वस्तू घ्यायची. आपल्याकडे क्रम उलटा होतो. मोठी गाडी येते, तिच्यातील रिकामे कप्पे दिसतात आणि ते भरण्यासाठी वस्तू येतात. वर्षभरात मोठी गाडीही लहान वाटू लागते.

म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक यादी करावी. यात्रेला कोण कोण येणार, वर्षातून किती दिवस, आणि कोणाला कोणती शारीरिक अडचण आहे, एवढेच तिच्यात लिहावे. मागच्या यात्रेत नेलेल्या पण न वापरलेल्या वस्तू बाजूला काढाव्यात. पुष्कळदा त्या काढल्यावर जुनी गाडीच पुरेशी असल्याचे ध्यानात येईल. तरीही मोठी हवीच असे ठरले, तर एका यात्रेपुरती भाड्याने घेऊन पाहावी. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. वर्षातून पंधरा दिवस लागणारी गाडी दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतली, तरी कोणाच्या यात्रेत उणीव राहणार नाही.

माणसांसाठी जागा वाढवावी, वस्तूंसाठी नव्हे. घरातील थकलेल्या आईला ज्या गाडीतून कुंथलगिरीचे दर्शन सुखाने घडेल, ती गाडी पुरेशी मोठी आहे.