तामान नेगाराचे अरण्य

मलेशियात पाहुण्यांच्या स्वागतासाठी 'सेलामत दातांग' असे म्हणतात. यातला 'सेलामत' तुम्हांला ओळखीचा वाटला ना? तुमच्या उर्दूतील 'सलामत' तो हाच. दोन्ही भाषांनी तो अरबीतून घेतला. त्याच देशातील एका अरण्याचे नाव 'तामान नेगारा' आहे. मलय भाषेत तामान म्हणजे बाग आणि नेगारा म्हणजे देश. हा 'नेगारा' संस्कृतातील 'नगर' या शब्दापासून आला आहे.

नाव बागेचे असले, तरी येथे फुलांचे वाफे नाहीत. हे ४,३४३ चौरस किलोमीटरचे घनदाट वर्षावन आहे. ते १९३८-३९ मध्ये राखीव झाले. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे हिमयुगातील बर्फ येथे पोहोचला नाही. म्हणून हे जगातील अतिशय जुन्या अरण्यांपैकी एक मानतात.

क्वाला ताहान या गावातून होडीने नदी ओलांडली, की समोर अरण्य सुरू होते. आत हत्ती आहेत, गवे आहेत, वाघही आहेत. तरीही चार दिवस हिंडून तुम्हांला यांपैकी एकही प्राणी दिसणार नाही, असे होऊ शकते! उंच झाडांच्या पानांचे छप्पर इतके दाट असते, की जमिनीवर भर दुपारीही अंधुक उजेड असतो. फळे वर, म्हणून माकडे आणि पक्षीही वर. खाली चालणारे बरेच प्राणी रात्री बाहेर पडतात.

मग येथे डोळ्यांपेक्षा कानांना जास्त काम असते. पहाटे गिबन वानरांच्या लांबलचक हाका ऐकू येतात. डोक्यावरून धनेश पक्षी गेला, तर आधी त्याच्या पंखांचा मोठा आवाज येतो. पायांना मात्र जळवा चिकटतात. त्या ओढून काढू नका, नखाने हळूच सरकवा.

प्राणी पाहायचेच असतील, तर मचाणावर रात्र काढावी. झाडपाल्यात मीठ फार कमी असते. म्हणून प्राणी खारट माती चाटायला ठरावीक जागी येतात. अशाच जागांसमोर मचाणे बांधली आहेत. तेथे बोलायचे नाही, अत्तर लावायचे नाही, दिवाही सारखा लावायचा नाही. नशीब असेल तर टापिर येतो. त्याचे डोके व पाय काळे आणि पाठ पांढरी असते. अंधारात तो प्राणी न वाटता एखादा मोठा दगड वाटतो.

ज्यांना चढाईची आवड आहे, ते वाटाड्या घेऊन २,१८७ मीटर उंचीच्या गुनुंग ताहान शिखरावर जातात. जाऊन येण्यास साधारण आठवडा लागतो. वाटेत ओल्या मातीत पावलांचे ठसे शोधण्यात, मला वाटते, शिखराइतकीच मौज आहे.

वाघाचा ठसा मात्र आता दुर्मीळ झाला आहे. २०१६ ते २०२० या काळात मलेशियात वाघांची पाहणी झाली. साऱ्या देशाच्या जंगलांत १५० पेक्षाही कमी वाघ उरले असल्याचे तीत आढळले. चोरटे शिकारी तारेचे फासे लावतात. फास हरणासाठी लावलेला असला, तरी त्यात वाघाचाही पाय अडकतो. चालताना असा फास दिसला, तर त्याला हात लावू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि परतल्यावर लगेच वनरक्षकाला सांगा.