दुःखाला नेमून दिलेले वार

विरार सुटले की वैतरणा स्थानक लागते, आणि मग गाडी खाडीवरचे दोन लांबलचक पूल धडधडत ओलांडून सफाळ्याकडे निघते. पुराणातली वैतरणी मेल्यानंतर ओलांडायची असते, ही वैतरणा लोक पास काढून रोज ओलांडतात. या पुलांच्या दोन बाजूंना इतिहासाने एक प्रयोग मांडून ठेवला आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नदीच्या दक्षिणेला वसईचा पट्टा. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, पापडी, सांडोर अशी चर्चची गावे एकमेकांना खेटून आहेत आणि तिथली ख्रिस्ती वस्ती चारशे वर्षांहून जुनी आहे. उत्तरेला केळवे-माहीम, तारापूर, डहाणू. इथेही पोर्तुगीजांचे किल्ले होते, चर्च होती, ख्रिस्ती कुटुंबे होती. आज तिथे उरल्या आहेत त्या बहुतेक भिंती. बोईसर-पालघरात जे ख्रिस्ती भेटतात ते बहुतांशी अणुवीज केंद्र आणि कारखान्यांच्या निमित्ताने आलेले, किंवा आदिवासी पट्ट्यात गेल्या शतकात मिशनच्या कामातून झालेले. जुना धागा नदीच्या अलीकडे टिकला आणि पलीकडे तुटला.

संकटात श्रद्धा कशी टिकते, हा प्रश्न हल्ली भिंतीवरच्या दिनदर्शिकांनी आणि सकाळी फोनवर येणाऱ्या वचनांनी परस्पर सोडवून टाकला आहे. उगवत्या सूर्याचे चित्र, त्यावर बायबलातली एक ओळ आणि आशय असा की सगळे ठीक होईल. या संदेशांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. आजारी माणसाला सकाळी सात वाजता कोणी आठवण काढल्याचे बरे वाटतेच. पण श्रद्धा टिकते ती अशा दिलाशाने, हे मात्र इतिहासात दिसत नाही. दिसते ते वेगळेच. जिथे दुःखाला रोजच्या दिनक्रमात ठरलेली जागा मिळाली, ती आपल्या बोलीत मिळाली आणि धर्मगुरू नसतानाही साध्या माणसांच्या हातात राहिली, तिथे श्रद्धा टिकली. वसई हे त्याचे आपल्या अंगणातले उदाहरण आहे.

१७३९ साली काय झाले ते आधी पाहू. जानेवारीत मराठ्यांनी माहीम, केळवे, तारापूर घेतले. तारापूरच्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळता यावा अशी तजवीज तहात होती. पण फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन हे सगळे युरोपीय संघ किल्ल्यातून चंबूगबाळे आवरून निघून गेले. मागे राहिले थोडे एतद्देशीय धर्मगुरू, आणि त्यांच्यावर दूर गोव्यातून चालणारा कारभार. मठ ओस पडले, शाळा बंद झाल्या.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वसईचे धर्मांतर पोर्तुगीज सत्तेच्या छायेत झाले. देवळे पाडली गेली, सवलतींची आमिषे दाखवली गेली, कायद्याचा बडगा उगारला गेला. अशा श्रद्धेच्या धैर्याचे कौतुक कशाला? यातला इतिहास नाकारण्याचे कारण नाही. पण हाच आक्षेप १७३९ नंतरच्या काळाला लावून पाहा. आता सत्ता दुसऱ्यांची होती. बळजबरी करणारे जहाजात बसून गेले होते आणि परत फिरण्यात फायदाच होता: जातीत मान, दरबारात ओळख, शेजाऱ्यांशी रोटीबेटी. काही कुटुंबे फिरलीही. बाकीची मोठी संख्या फिरली नाही. बळाने जे चिकटवलेले असते ते बळ गेल्यावर गळून पडायला हवे होते. नदीच्या उत्तरेला ते बहुतांशी गळले. दक्षिणेला का नाही, हा खरा प्रश्न आहे.

समाजशास्त्राचा अभ्यासक म्हणेल, याचे कारण श्रद्धेत कशाला शोधता? दक्षिणेला बागायती होती, केळी-पानमळ्यांच्या वाड्या होत्या, दाट वस्ती होती. सामवेदी, वाडवळ, कोळी असे घट्ट समाज होते आणि लग्ने आपल्याआपल्यात होत. उत्तरेला ख्रिस्ती वस्ती विरळ, ठाण्यांच्या आसऱ्याने राहिलेली. ठाणी पडली, वस्ती पांगली. यात बरेच तथ्य आहे. विरळ वस्तीत कोणताच आचार फार काळ टिकत नाही. जपमाळेला चार घरे तरी लागतात. पण दाट वस्तीने इतकेच ठरते की समाज एकत्र राहील. एकत्र राहून तो काय करील ते ठरत नाही. तोच घट्ट समाज एकगठ्ठा परत फिरू शकला असता आणि त्याच्या वाड्यांतले एक केळही कमी झाले नसते. म्हणून त्या गावांत रोज काय चालत होते ते पाहावे लागते.

त्याचा एक ठोस पुरावा छापील आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश नावाच्या पाद्र्याने येशूच्या दुःखसहनाची आणि मरणाची कथा उत्तर कोकणच्या बोलीत पद्यात रचली. ती १६५९ साली लिस्बनला रोमन लिपीत छापली गेली. लोक तिला पुराणच म्हणत. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याला जास्त परिचयाचे. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेले, अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचे, भाषेचा दिमाख मिरवणारे. गिमाराइशच्या पुराणाला तो दिमाख नाही. पण १८४५ साली मुंबईत त्याची नवी आवृत्ती निघाली. म्हणजे लिस्बनच्या छपाईनंतर १८६ वर्षांनी आणि वसई पडल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. कोणी वाचत नाही, गात नाही असे पुस्तक कोणताही छापखाना पदरमोड करून काढत नसतो. युरोपीय धर्मगुरू गेले, राज्ये बदलली, पेशवाई जाऊन इंग्रज आले आणि या सगळ्यातून एका वेदनेची कथा लोकांच्या तोंडी राहिली. विजयाची नव्हे, वेदनेची. समीक्षकांनी या पुराणाकडे फारसे पाहिले नाही, कारण ते ‘ख्रिस्तपुराणा’सारखे सुरेख नाही. माझ्या मते सुरेख नसणे हेच त्याचे बळ होते. कोणालाही ते आपले वाटले.

दुसरा पुरावा छापलेला नाही, तो बोटांत आहे. जपमाळेत ५९ मणी असतात, ५३ लहान आणि ६ मोठे. लहान मण्यावर मरियामातेची प्रार्थना, मोठ्यावर प्रभूची. दहा-दहा मण्यांचे एक दशक, अशी पाच दशके, आणि प्रत्येक दशकाबरोबर येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा. सांजवेळी घरातले सगळे जमतात. मोठ्या बाईने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी पुरी करायची. लहान मूल पेंगते, चुलीवर भात असतो, कोणाचे तरी बोट एका मण्यावर दोनदा अडते. यासाठी ना चर्च लागते, ना धर्मगुरू, ना वाचता येणे. गावच्या वेशीवरच्या चुन्याने रंगवलेल्या क्रुसापाशी, झेंडूच्या हारासमोर आणि वितळलेल्या मेणबत्त्यांसमोर, हेच सामुदायिक रूपात होते. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर असे कितीतरी क्रूस उभे राहिले, त्यांच्यावरच्या तारखा आजही वाचता येतात. साथीत औषध नव्हते, गल्लीच्या तोंडाशी उभे राहून एकत्र म्हणायला शब्द मात्र होते.

या जपमाळेचे एक वेळापत्रक आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. आनंदाचे प्रसंग काही वारी, गौरवाचे काही वारी आणि दुःखाचे मंगळवारी आणि शुक्रवारी. घरात त्या मंगळवारी बारसे असो की साखरपुडा, दुःखाची दशके म्हणायचीच. आणि घरात मयत झालेले असले तरी बुधवार उजाडला की गौरवाची. मनाच्या लहरीवर काही सोडलेले नाही. सुखात असलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा आठवण दिली जाते की कोणाच्या तरी घरात आज रडणे आहे. दुःखात बुडालेल्याला सांगितले जाते की तुझे दुःख खरे आहे, त्याला वार आहे, पण सातही वार त्याचे नाहीत. दुःखाच्या पहिल्या दशकात कोणता प्रसंग येतो तेही बघण्यासारखे आहे. गेथशेमानीच्या बागेत येशू घाबरलेला आहे आणि हे संकट टळावे अशी विनवणी करतो आहे. म्हणजे या परंपरेत धैर्याची सुरुवात शूर चेहरा करण्यात नाही. भीती कबूल करण्यात आहे.

यांत्रिक घोकंपट्टी, ही या प्रकारावरची जुनी टीका. तेच तेच शब्द पन्नास वेळा म्हटल्याने काय साधते? वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर द्यायला लागू नये, पण द्यावे लागते. हरिपाठ काय किंवा जपमाळ काय, मन ताजे असते तेव्हा त्यांची गरज कमी असते. मन सुन्न होते, नवा शब्द सुचत नाही, तेव्हा तोंडाला सवयीचे शब्द येतात आणि माणूस त्यांच्या आधाराने संध्याकाळ पार करतो. प्रार्थना सुचेल तेव्हाच करायची असे ठरवले, तर नेमक्या वाईट दिवशी ती सुचणार नाही.

बायबलचाही झोक याच बाजूचा आहे, आणि दिनदर्शिका तो झाकून टाकतात. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्तोत्रे विलापाची आहेत. क्रुसावरून येशूने केलेला आक्रोशही त्यांतल्याच बाविसाव्या स्तोत्राचा. देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत, या अर्थाचे यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले वचन सर्वांत जास्त फिरते. ते मूळ आहे बाबेलमध्ये हद्दपार झालेल्यांना लिहिलेल्या पत्रात, आणि त्याच पत्रात सांगितले आहे की सुटका सत्तर वर्षांनी होईल. तोवर घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. हा दिलासा आहे, पण तो लगेच हातात पडणारा नाही. वसईच्या वाडीवाल्याला तो बाबेलमधल्यांपेक्षा जास्त कळला असावा. राज्य कोणाचेही असो, मळा लावायचाच.

उरतो सर्वांत जड आक्षेप. दुःखाला असे वार नेमून दिले की माणूस दुःखाचीच सवय करून घेतो, अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. अफूची गोळी. काही ठिकाणी, काही काळात असे झालेही आहे. सोसणे म्हणजेच पुण्य, असे सांगणारे पाद्री कमी नव्हते. पण वसईचाच अलीकडचा इतिहास उलट साक्ष देतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या शेतजमिनी इमारतींसाठी खुल्या होऊ लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकले जाऊ लागले, दहशत वाढली. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते १९८३ पासून ‘सुवार्ता’ मासिक चालवत होते. आंदोलनात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र होते, पण गावोगावच्या सभा भरल्या त्या अनेकदा चर्चच्या आवारात, जिथे लोकांना जमायची सवय होती. नेहमी एकत्र रडणाऱ्यांना एकत्र ओरडणे अवघड जात नाही. याच दिब्रिटोंनी बायबल सुबोध मराठीत आणले, त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आंदोलन आणि अनुवाद ही त्यांची दोन वेगळी कामे मानली जातात. मला ती एकच वाटतात. संकटात उभे राहायचे तर शब्द आपल्या भाषेतले लागतात, हे गिमाराइशच्या पुराणाने शिकवलेच होते.

वसईचा सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस साथीदारांसह क्रुसावर मारला गेला, १८६२ साली संत घोषित झाला, भारतातला पहिला. त्याच्या त्या एका दिवसाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. त्याआधीची वर्षे मात्र कोणी सांगत नाही. जेझुइटांबरोबर जपानात सहायक म्हणून राबणे, संघात प्रवेश न मिळणे, मग व्यापार, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश आणि दुभाष्या म्हणून पुन्हा जपान. नकार पचवत काढलेली ती वर्षे दिसायला साधी आहेत, पण वैतरणेच्या दोन्ही तीरांवरच्या माणसाला उपयोगाची तीच. हौतात्म्य कोणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही, नाकारले जाणे सर्वांच्याच येते.

नदीच्या पलीकडे आता नवी वस्ती आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली, त्यामागून बोईसरचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर केरळ, तमिळनाडू, गोवा, झारखंडचे ख्रिस्ती कामगार. यांच्यामागे वाड्या नाहीत, जातीचा आधार नाही, चार पिढ्यांचा शेजार नाही. पाळी बदलली की प्रार्थनेची वेळ बदलते, भट्टीजवळचा अपघात दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी होतो. १७३९ च्या उत्तर तीरासारखीच ही विरळ वस्ती. ती टिकेल की पांगेल ते पुढच्या पिढ्या पाहतील. तिच्याजवळ आहे ती तीच ५९ मण्यांची माळ, मल्याळीत, तमिळमध्ये, हिंदीत, मराठीत. तिचे वेळापत्रक पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये बदलले. प्रकाशाचे नवे प्रसंग घातले, त्यांना गुरुवार दिला, गुरुवारचे आनंदाचे प्रसंग शनिवारी हलवले. मंगळवार आणि शुक्रवार यांना मात्र त्यांनी हात लावला नाही.