माशांची पाठवणी

वर्धा जिल्ह्यातील उन्हाळा मोठा कडक असतो. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, ओढे कोरडे पडतात आणि गावतळ्यांच्या तळाशी चिखल तेवढा उरतो. पुढे मृगाचा पाऊस पडतो, धाम, बोर, यशोदा या नद्या दुथडी भरून वाहू लागतात आणि तळी पुन्हा काठोकाठ भरतात. बोर नदीवर १९६५ साली बांधून पुरे झालेले धरण आणि धाम नदीवरील महाकाळी येथील धरण यांच्या पोटात तर पाण्याचा मोठाच साठा होतो. परंतु पाणी आले म्हणजे मासे आलेच, असे मात्र नाही.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्याकडील खाण्याचे मोठे मासे. ते पावसाळ्यात, नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालतात. तळ्याच्या साठलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. म्हणून तळ्यात हे मासे वाढवावयाचे असतील, तर त्यांची पिले दुसरीकडून आणून सोडावी लागतात. पूर्वी ही पिले बंगाल-बिहारकडील नद्यांतून पकडून मातीच्या हंड्यांत भरीत आणि आगगाडीने दूरदूर पाठवीत. सोबतची माणसे वाटभर हंडीतील पाणी हाताने हलवीत बसत. पुढे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून तलावात अंडी घालवून घेण्यात यश मिळविले. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत पिले तयार होऊ लागली. अगदी लहान पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढी दिसतात. ती वाढून बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली हे गोड नाव मिळते.

आता प्रश्न येतो तो प्रवासाचा. केंद्रापासून तळ्यापर्यंत कित्येक तासांची वाट असते. निष्काळजीपणा झाला, तर शेकडो पिले वाटेतच उलटी होऊन तरंगू लागतात. असे का होते?

मासाही आपल्यासारखाच प्राणवायूवर जगतो; मात्र तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी तापले की तो आणखी कमी होतो. उलट, तापलेल्या पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. घाबरलेला, धडपडणारा मासा तर शांत माशापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू खर्च करतो. शिवाय माशांच्या मलमूत्राने पाण्यात अमोनिया साठत जातो, तो विषारी असतो. हंडीतील पाणी हलविण्यामागे हेच कारण होते. हलत्या पाण्यात हवा मिसळते. त्या माणसांना कदाचित प्राणवायूचे शास्त्र ठाऊक नसेल, पण अनुभवाने त्यांना युक्ती शिकविली होती.

आजची रीत याच कारणांवर आधारलेली आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी बोटुकल्यांना दाटीच्या जाळीत, पण वाहत्या किंवा स्वच्छ पाण्यात ठेवतात आणि खाणे देत नाहीत. हा उपवास क्रूरपणाचा नव्हे. त्यांची पोटे रिकामी झाली म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. दाटीचीही त्यांना सवय होते. मग प्लॅस्टिकच्या मजबूत पिशवीत सुमारे एक तृतीयांश पाणी घेऊन त्यात मोजकी पिले सोडतात, वरची हवा दाबून काढून टाकतात आणि उरलेल्या जागेत शुद्ध प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधतात. वाहन पहाटे किंवा सायंकाळी निघते. पिशव्यांवर ऊन पडणार नाही, याची वाटभर काळजी घेतली जाते.

पिलांना हाताळताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माशाच्या अंगावर बुळबुळीत लेप असतो. हा लेप म्हणजे रोगजंतूंना अडविणारे त्याचे चिलखतच होय. कोरड्या हातांनी किंवा खरखरीत जाळ्याने तो निघाला, तर तेथे बुरशी धरते. म्हणून हात ओले ठेवतात, जाळे मऊ वापरतात आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ राहू देत नाहीत.

तळ्याच्या काठाशी आल्यावर उतावळेपणा करून चालत नाही. माशाच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते; एकाएकी गार किंवा ऊन पाण्यात पडल्यास त्यास धक्का बसतो. यासाठी बांधलेली पिशवी वीस-तीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवतात. मग तोंड सोडून तळ्याचे थोडेथोडे पाणी आत घेतात. दोन्ही पाणी सारखे झाले की पिशवी तिरपी धरतात. पिले ओतावयाची नसतात. ती आपणहून बाहेर पोहत जातात. सारे काही नीट झाले असेल, तर क्षणभर काठाशी घुटमळून ती खोल पाण्यात दिसेनाशी होतात.

उन्हाळ्यात एखादे तळे आटू लागते, तेव्हा त्यातील मासे काढून दुसरीकडे हलवितानाही हेच नियम पाळावे लागतात.

विदर्भात ढीवर व भोई समाजांतील अनेक कुटुंबांचे पोट मासेमारीवर चालते. तळ्यात सोडलेले बोटभर पिलू, खाणे आणि पाणी चांगले मिळाल्यास, वर्षभरात सुमारे किलोभर वजनाचे होते. पण त्या वर्षाची सारी आशा प्रवासाच्या त्या काही तासांवर अवलंबून असते. पिशवीत मेलेले पिलू पुढे कितीही खाणे टाकले तरी वाढत नाही. म्हणूनच अनुभवी कोळी तळ्याच्या काठी घाई करीत नाही. जाळे टाकण्याचे कौशल्य त्याच्यापाशी असतेच. परंतु पकडलेला जीव सुखरूप सोडण्याचे कौशल्य त्याहून अवघड आहे, हे तो जाणतो.